जाणारी लाईट, येणारी लाईट

टेंभुर्णी म्हटले की बहुतेकांना पुणे-सोलापूर महामार्गावरचे, माढा तालुक्यातले गाव आठवते. जालना जिल्ह्यातली टेंभुर्णी वेगळी. ती जाफराबाद तालुक्यातले महसूल मंडळाचे गाव. तालुक्याची शीव ओलांडली की बुलढाणा जिल्हा, म्हणजे विदर्भ सुरू होतो. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तोवर हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होता. आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. कापूस, मका, सोयाबीन पिकवणारा आणि विहिरीवर भिस्त ठेवणारा हा पट्टा. घरच्या संगणकाला बॅटरीचा आधार कोणता द्यावा, हा प्रश्न इथे कसा सुटत गेला ते पाहायचे, तर संगणकापासून सुरुवात करून भागत नाही. विहिरीवरच्या मोटारीपासून करावी लागते.

यूपीएसच्या खोक्यावर मिनिटे छापलेली असतात. अमुक इतका भार असेल तर इतकी मिनिटे. शहरातले गिऱ्हाईक त्यावरून निवड करते. मराठवाड्यातल्या बॅटरीच्या दुकानात मात्र बोलणे वेगळ्या वळणाने जाते. दुकानातला पोरगा विचारतो, ‘मामा, तुमच्याकडं लाईट किती वेळ जाती?’ आणि मामा म्हणतात, ‘जायचं सोड बाबा, ऱ्हाती तवा डीम ऱ्हाती.’ खेड्यातल्या विजेचा साठ वर्षांचा इतिहास या उत्तरात आहे. गेलेल्या विजेपेक्षा आलेली वीज जास्त नुकसान करते, हे इथल्या घरांना संगणक यायच्या फार आधीपासून ठाऊक होते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० ची. कोयनेचा पहिला टप्पा १९६२-६३ च्या सुमारास वीज देऊ लागला आणि १९७१ मध्ये परळीला ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. मराठवाड्याच्या स्वतःच्या भूमीवरचे ते मोठे औष्णिक केंद्र. तारा हळूहळू गावोगाव पोचल्या. पण ‘गावात वीज आली’ या सरकारी वाक्याचा अर्थ त्या काळी फार ढिला होता. १९९७ पर्यंतच्या व्याख्येप्रमाणे गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली जात असली की गाव विद्युतीकृत. म्हणजे शिवारात एका विहिरीवर मोटार चालू असली आणि गावठाणात रॉकेलच्या चिमण्या जळत असल्या, तरी कागदावर वीज आलेली. किमान १० टक्के घरांत आणि शाळा, पंचायत अशा ठिकाणी वीज हवी, ही अट २००४ मध्ये आली.

मोटार आधी आणि दिवा मागून, हा क्रम मराठवाड्यात पुढे फार काळ भोवला. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या, मोटारी वाढल्या, आणि त्या सगळ्या ज्या ११ केव्हीच्या फीडरवर होत्या त्याच फीडरवर गावातली घरेही होती. एक डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, तिच्यावर मंजूर भारापेक्षा किती तरी जास्त मोटारी, आणि डीपीपासून शेवटच्या घरापर्यंत लांबच लांब बारीक तार. तार लांब आणि प्रवाह जास्त, की वाटेतच व्होल्टेज गळते. नियमाप्रमाणे घरात २३० व्होल्ट यायला हवेत. रब्बीच्या दिवसांत, सगळ्या विहिरींवर मोटारी सुरू असताना, शेवटच्या घरात दीडशेही जेमतेम उरत. बल्बची तार नुसती लाल दिसे, ट्यूबलाईट पेटायचे नाव घेत नसे. आणि रात्री मोटारी एकदम बंद पडल्या की तेच व्होल्टेज अडीचशेच्या वर उसळी घेई.

यात आणखी एक भर होती. घरांसाठी रात्री एक फेज चालू ठेवायचा आणि मोटारींसाठी लागणारा तीन फेजचा पुरवठा बंद करायचा, अशी ‘सिंगल फेजिंग’ची युक्ती वीज मंडळाने काढली. उद्देश साधा होता: लोकांना दिवा मिळावा, पण मोटार चालू नये. शेतकऱ्यांनी त्यावर तोड काढली. कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार एका फेजवर ओढता येते, हे हां हां म्हणता सगळ्या शिवारांत माहीत झाले. पीक वाळत असताना कुणी गप्प बसणार नाही, आणि त्यात नवल काही नाही. पण घरांसाठी राखून ठेवलेल्या त्या एका फेजवर मोटारींचाही बोजा आला, आणि संध्याकाळचा दिवा पुन्हा मंदावला.

सगळ्यांत घातक प्रकार मात्र डीपीवरचा न्यूट्रल तुटण्याचा. तीन फेजवर विखुरलेल्या घरांना समान धरून ठेवणारी ही तार सुटली की ज्या फेजवर भार कमी, तिथल्या घरांत व्होल्टेज तीनशे-साडेतीनशेवर, कधी चारशेच्या घरात जाते. एका क्षणात टीव्ही, पंखे, फ्रिज, जे चालू असेल ते जळते. वायरमनला निरोप जाईपर्यंत अर्ध्या गल्लीचे नुकसान झालेले असते.

बॅटरी गावाला नवखी नव्हती. विजेआधीच्या काळात व्हॉल्व्हचे रेडिओ बॅटरीवर चालत. लग्नातले कर्णे मोटारीच्या बॅटरीवर वाजत. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा तर रविवारी सकाळी ट्रॅक्टरची बॅटरी काढून १२ व्होल्टच्या कृष्णधवल टीव्हीला जोडणे हे खेड्यापाड्यांत नेहमीचे दृश्य झाले. ज्या घरात ट्रॅक्टर, त्या घरात अख्खी आळी. त्याच सुमारास रंगीत टीव्ही आणि फ्रिज आलेल्या घरांत स्टॅबिलायझर आला. लोखंडी पेटी, पुढे काटा असलेला मीटर, आत रिले. व्होल्टेज खालीवर झाले की टक्‌ असा आवाज. गावातली घरे विजेची प्रत पाहायला शिकली ती या काट्यावरून. काटा हिरव्या पट्ट्यात आल्याशिवाय फ्रिज लावायचा नाही, हे आईने पोराला सांगितलेले असे.

मग संगणक आला. शहरांत तो १९९० च्या दशकात घरी पोचला. तालुक्याच्या गावांत आणि त्याहून लहान ठिकाणी त्याला खरी वाट मिळाली ती २००१ नंतर. त्या वर्षी महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाली आणि एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागू लागले आणि राज्यभर केंद्रांचे जाळे पसरले. एखाद्या दुकानगाळ्यात सहा-आठ संगणक, प्लायवूडची टेबले, भिंतीवर अभ्यासक्रमाचा फलक. शेतकऱ्यांच्या मुलामुलींनी पहिला माऊस हातात धरला तो अशा खोल्यांत. एमएस-सीआयटी हा एका पिढीचा विजेशी झालेला झगडाही आहे, आणि त्याची नोंद व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

लाईट गेली की त्या खोलीत काय होई ते जवळून पाहण्यासारखे आहे. पंखा थांबतो, ट्यूब विझते, आणि प्रत्येक टेबलाखालचा यूपीएस एकाच वेळी टीं-टीं करू लागतो. मॉनिटर चालू असतात. सर ओरडतात, ‘सेव्ह करा, सेव्ह करा!’ सगळ्यांचे डावे हात कंट्रोलवर आणि एस वर. ज्याच्या यूपीएसची बॅटरी मेलेली, त्याचा पडदा आधीच काळा झालेला असतो. वीज परतली की विंडोज ९८ निळ्या पडद्यावर सांगणार, की संगणक नीट बंद केला नव्हता, आता डिस्क तपासू द्या. ती तपासणी जुन्या हार्डडिस्कवर बराच वेळ खाई. तासभराच्या बॅचमधली पंधरा मिनिटे तिथेच जात.

टेबलाखाली असे ते यंत्र बहुधा ५०० किंवा ६०० व्हीएचे, ऑफलाईन किंवा लाईन इंटरॅक्टिव्ह जातीचे. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद शिसे-आम्लाची बॅटरी. गणित सोपे आहे. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास. जुना काचेचा मॉनिटर आणि संगणक मिळून दीडशे वॅट खातात असे धरले तर कागदावर अर्ध्या तासाहून अधिक. प्रत्यक्षात दहा-पंधरा मिनिटे. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून वीज जितक्या झपाट्याने ओढावी तितकी ती एकूण कमी देते. पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच हे सूत्रात मांडले होते. त्यातून इन्व्हर्टरच्या सर्किटचा खर्च वेगळा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट हा गैरसमजही घरोघर असे. प्रत्यक्षात अशा यूपीएसवर ३६० वॅटच्या आसपास मर्यादा असते.

खरी अडचण दुसरीच होती. हे यंत्र जिथे वीज क्वचित आणि थोडा वेळ जाते अशा जागेसाठी बनवलेले. बॅटरी पूर्ण रिकामी झाली की ती भरायला सहा-आठ तास लागतात. जिथे सहा तास वीज नाही, मग चार तास आहे, मग पुन्हा नाही, तिथे ती कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे जमतात आणि बॅटरीची धारणशक्ती कायमची जाते. त्यात उन्हाळ्याची भर. या बॅटऱ्यांचे आयुष्य पंचवीस अंशांना धरून मोजलेले असते. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते. जालन्यात मे महिन्यात पारा बेचाळीसपर्यंत जातो, आणि वर पत्रे असतील तर खोलीत त्याहून जास्त. बॅटरीच्या बाजू फुगून ती यूपीएसच्या पेटीतून निघेनाशी झालेली दुरुस्तीवाल्यांनी पुष्कळदा पाहिली आहे. खोक्यावर दोन-तीन वर्षे लिहिलेली बॅटरी एका उन्हाळ्यात जायची.

हा सगळा काळ भारनियमनाचा. गुहागर तालुक्यातला दाभोळ प्रकल्प, एन्रॉनचा, मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू करून मे २००१ मध्ये बंद पडला. त्याच्या चढ्या वीजदराने मंडळाचे कंबरडे मोडले होते आणि त्या वादात दुसरी नवी केंद्रे मागे पडली. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्या झाल्या. पुढच्या तीन-चार वर्षांत राज्यातली तूट काही वेळा चार-पाच हजार मेगावॅटवर गेली. वीज नियामक आयोगाच्या आदेशांनुसार फीडरांची प्रतवारी झाली: जिथे गळती जास्त, वसुली कमी, तिथे भारनियमन जास्त. पुढे ‘ए’ पासून ‘जी’ पर्यंत गट आले. शेतीच्या फीडरवरची गावे साहजिकच तळाला गेली, आणि अशा गावांत दिवसातून बारा-बारा तास अंधार सोसणे अंगवळणी पडले. वसुलीच्या शिस्तीसाठी हा नियम समजण्यासारखा आहे. पण वेळेवर बिल भरणाऱ्या घरालाही आकडेबहाद्दर शेजाऱ्याची शिक्षा भोगावी लागे, हा त्यातला अन्याय कुणी दूर केला नाही.

याच काळात पुण्याने वेगळा मार्ग काढला. २००६ मध्ये तिथल्या उद्योगांनी आपले जनरेटर चालवून जाळ्यावरची वीज शहरासाठी मोकळी केली, आणि शहरातल्या ग्राहकांनी त्यासाठी थोडा जादा आकार भरला. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते गाजले. टेंभुर्णीसारख्या गावांकडे ना तसे कारखाने होते ना तसा जादा पैसा. त्यांच्या वाट्याला अक्षय प्रकाश योजना आली. संध्याकाळी गावाने आपखुशीने मोटारी, चक्क्या बंद ठेवायच्या आणि त्या बदल्यात दिव्यापुरती वीज मिळवायची. ज्या गावांत ग्रामसभेचा शब्द चाले तिथे ती चांगली चालली. कंडेन्सरवाले ऐकेनात तिथे बारगळली.

बॅकअपचा धंदा भारनियमनाने बदलला. पंधरा मिनिटांचा यूपीएस बारा तासांच्या अंधारापुढे निरुपयोगी होता. मोंढ्यांच्या गावांत ट्रॅक्टर आणि जीपच्या बॅटऱ्या विकणारी, चार्जिंगला लावून देणारी दुकाने आधीपासून होती. चिंचवडला १९६९ पासून बॅटरीचा मोठा कारखाना होता, वितरकांचे जाळे होते, आम्ल आणि डिस्टिल्ड वॉटरची माहिती होती. हेच दुकानदार इन्व्हर्टरवाले झाले. ८०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि दीडशे अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी, अशी जोडी घरोघर बसू लागली. दीडशे गुणिले बारा म्हणजे १८०० वॅट-तास. यूपीएसच्या त्या लहान बॅटरीच्या वीसपटींहून अधिक. खोल उतरून पुन्हा भरणे तिला झेपते. तिच्यातले पाणी पाहावे लागते, सहा झाकणे उघडून डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, आणि हायड्रोमीटरची काचनळी बुडवून आम्लाची घनता मोजता येते: १.२४ च्या आसपास असली की बॅटरी भरलेली. विहिरीचे पाणी घातले तर क्षारांनी पट्ट्या खराब होतात, हे दुकानदार गिऱ्हाइकाला दोनदा बजावत, कारण दोनातला एक जण तेच करी.

इन्व्हर्टर दिव्या-पंख्यासाठी घेतला, पण घरात आता संगणकही होता. लाईट गेली की दिवे एका लुकलुकीत पुन्हा लागत आणि संगणक मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होई. संगणकाच्या आतला वीजपुरवठा सोळा-सतरा मिलिसेकंदांपर्यंत तग धरतो. साध्या स्थितीतला इन्व्हर्टर बदल करायला तीस-चाळीस मिलिसेकंद घेतो. डोळ्याला जो फरक दिसत नाही तो संगणकाला पुरतो. म्हणून लोकांनी इन्व्हर्टरच्या पुढे जुना यूपीएस जोडला. त्याने नवाच घोळ झाला. स्वस्त इन्व्हर्टरमधून सरळ कोनाची चौकोनी लहर निघे, पंख्यातून घूं असा आवाज येई, आणि यूपीएसला ती लहर वीज म्हणून पटतच नसे. तो स्वतःच्या बॅटरीवर जाई, टीं-टीं करी, आणि घरात १८०० वॅट-तास शिल्लक असताना संगणक दहा मिनिटांत बंद पडे. साइन वेव्हचा इन्व्हर्टर महाग होता. ज्याने तो घेतला त्याची ही कटकट मिटली.

बाकीच्यांसाठी इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक लहानसे बटण होते, आणि या सगळ्या गोष्टीतला कळीचा भाग तेच आहे. एका बाजूला ‘नॉर्मल’, दुसऱ्या बाजूला ‘यूपीएस’. ‘यूपीएस’कडे सरकवले की बदल झटपट होतो आणि संगणक चालू राहतो. पण त्याबरोबर इन्व्हर्टर विजेची प्रतही काटेकोर पाहू लागतो. ‘नॉर्मल’मध्ये तो साधारण शंभरापासून दोनशे नव्वद व्होल्टपर्यंतची वीज चालवून घेतो, ‘यूपीएस’मध्ये एकशे ऐंशी ते दोनशे साठ. टेंभुर्णीच्या शेवटच्या गल्लीत संध्याकाळी एकशे सत्तर व्होल्ट येत असतील, तर लाईट असूनही इन्व्हर्टर ती नाकारतो आणि बॅटरीवर चालतो. घरातल्यांना वाटते लाईट आहे. शेजारी तर लागलेलीच आहे. तीन तासांनी खरोखर भारनियमनाची वेळ येते तेव्हा बॅटरी रिकामी. पोराचा संगणक वाचवावा की रात्रीचा पंखा वाचवावा, हा निर्णय त्या बोटाएवढ्या बटणावर येऊन ठेपलेला असे. दुकानात बसून दिलेला सल्ला इथे उपयोगाचा नव्हता. मल्टिमीटर घेऊन संध्याकाळी सात वाजता त्या घरात उभे राहणारा मेकॅनिकच खरे सांगू शके.

२०११ मध्ये राज्याने ‘संग्राम’, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, सुरू केले. ग्रामपंचायतीत संगणक, प्रिंटर आणि ऑपरेटर आले. जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला संगणकावरून मिळू लागला, आणि लाईट नसण्याची किंमत आता एका घरापुरती राहिली नाही. दाखल्यासाठी वस्तीवरून आलेला माणूस ‘लाईट आल्यावर या’ हे ऐकून परत जाई, त्याची दिवसाची मजुरी बुडे. पंचायतीच्या बॅकअपबद्दल बोलताना मेगावॅटच्या आकड्यांपेक्षा हा माणूस डोळ्यांपुढे ठेवायला हवा.

डिसेंबर २०१२ पर्यंत राज्य भारनियमनमुक्त करण्याची घोषणा झाली होती, आणि कमी गळतीच्या फीडरांपुरती ती बऱ्याच अंशी खरीही ठरली. पण तोच हिवाळा जालन्याला भीषण दुष्काळाचा गेला, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद करावे लागले. कोळसा होता, संच होते, थंड करायला पाणी नव्हते. मराठवाड्यात वीज आणि पाणी हे दोन वेगळे प्रश्न कधीच नव्हते.

फरक पाडला तो गावठाण फीडर वेगळा करण्याच्या कामाने. घरांची तार वेगळी, शेतीची वेगळी. शेतीला दिवसा आठ किंवा रात्री दहा तास, आळीपाळीने. गावठाणाला चोवीस तास. जिथे हे विलगीकरण नीट झाले तिथे संध्याकाळचे व्होल्टेज सावरले आणि इन्व्हर्टरचे ते बटण ‘यूपीएस’वर ठेवणे शक्य झाले. मात्र आता एकाच गावात दोन जाती झाल्या. गावठाणातले घर एका फीडरवर, आणि शेतात घर बांधून राहिलेले कुटुंब शेतीच्या फीडरवर. शेतवस्तीवरच्या मुलाला अजूनही तीच जुनी लाईट मिळते, आणि त्याच्या संगणकासाठी गावातल्या चुलतभावाचा सल्ला उपयोगी पडत नाही. मार्च २०२० नंतर शाळा फोनवर आल्या, नोकरीतली मुले लॅपटॉप घेऊन गावी परतली, तेव्हा हा भेद उघडा पडला. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या आणि देशभर बातम्या झाल्या. वस्त्यांवर तसे दर आठवड्याला होत होते.

२०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. गावाजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची, ही त्यामागची कल्पना. रात्रीच्या दंवात, सापाकिरडाच्या भीतीत मोटार लावायला जाणे त्यातून टळते, हे सगळ्यांत मोठे. आणि मोटारी दिवसा चालल्या की संध्याकाळच्या तारेवरचा ताणही हलका होतो.

आज टेंभुर्णीत नवा संगणक घेणाऱ्या घराला निवड करताना या साठ वर्षांतून आलेली तीन-चार कामे आधी करावी लागतात. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तीन वेळांना घरातले व्होल्टेज मोजणे हे पहिले. ते एकशे साठ-सत्तरपर्यंतच उतरत असेल तर एकशे चाळीसपासून दोनशे नव्वदपर्यंत झेलणारा लाईन इंटरॅक्टिव्ह यूपीएस पुरतो. त्याहून वाईट असेल तर आधी स्टॅबिलायझर, किंवा ऑनलाईन जातीचा यूपीएस, जो आलेली वीज सतत बॅटरीच्या बाजूने फिरवून नव्याने बनवतो. तो महाग असतो आणि चालू असताना सतत थोडी वीज खातो, पण न्यूट्रलच्या फटक्यात आधी तो जळतो, संगणक वाचतो. आजचा संगणक आणि एलईडी पडदा मिळून बहुतेकदा शंभर वॅटच्या आत भागते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच. त्यामुळे पुष्कळ घरांत आता बॅकअप लागतो तो इंटरनेटच्या राउटरला, आणि त्यासाठी १२ व्होल्टची तळहाताएवढी लिथियम पेटी मिळते.

अर्थिंगकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. तीन पिनांच्या प्लगमधली मोठी पिन अनेक घरांत कुठेच जोडलेली नसते. यूपीएसमधले सर्ज संरक्षण जादा दाब जमिनीत सोडते, आणि जमिनीपर्यंत तारच नसेल तर सोडणार कुठे? मे-जूनमध्ये वळवाच्या पावसाबरोबर मराठवाड्यात विजा पडतात, दर वर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. तेव्हा प्लग उपटून ठेवणे हाच खात्रीचा उपाय; पण एरवीच्या झटक्यांसाठी अंगणात खड्डा घेऊन, पत्रा किंवा पाइप पुरून, मीठ-कोळसा भरून केलेले अर्थिंग आणि उन्हाळ्यात त्यात ओतलेले बादलीभर पाणी कुठल्याही महागड्या यूपीएसपेक्षा जास्त काम करते. खर्च थोडा, आणि तरीही हे काम सगळ्यांत मागे पडते. ते आधी करावे.

जुन्या बॅटरीचे काय करायचे, हा हिशेबही खरेदीतच होतो. २००१ च्या नियमांनी विक्रेत्यावर आणि उत्पादकावर जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी टाकली, २०२२ मध्ये त्यांची जागा बॅटरी कचरा नियमांनी घेतली. शिसे पुन्हा गाळून वापरता येते, म्हणून मेलेली ट्यूब्युलर बॅटरीही वजनावर जाते आणि नवीच्या किमतीतून चांगली रक्कम वजा होते. भंगारवाल्याला दिली तर आम्ल गटारात किंवा बांधावर ओतले जाते, आणि शिसे मातीत राहते. म्हणून ती दुकानातच द्यावी आणि पावतीवर वजावट लिहून घ्यावी. लिथियमच्या पेट्यांना मोडीत असा भाव अजून नाही. त्या जास्त वर्षे टिकतात, पाणी मागत नाहीत, पण संपल्यावर त्यांचे काय करायचे याची व्यवस्था तालुक्याच्या दुकानापर्यंत अजून पोचायची आहे.